अंगणातलं मानाचं झाड

मे महिन्यात आमच्या फाटकाशी माणसं थांबतात. कुणाच्या हातात भाजीची पिशवी असते, कुणी कुत्र्याला फिरवायला निघालेलं असतं. वर बघतात आणि विचारतात, ‘काकू, हे जांभळं कुठलं?’ ताम्हण म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘आम्हीही लावू का?’ मी लगेच हो म्हणत नाही. आधी त्यांच्या अंगणाचं माप विचारते.

मुलुंड पूर्वेला आमचं बैठं घर आहे. मी ३५ वर्षं ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवले. माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हे आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. झाडाच्या बाबतीत तेच मला दोन झाडं गमावल्यावर कळलं. तुमचं एकही जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मानाचं झाड म्हणजे अंगणात पाऊल टाकल्यावर नजर जिथे आधी जाते ते झाड. बाकीची जास्वंद, मोगरा, कर्दळ त्याच्या आसपास. छोट्या अंगणात असं झाड एकच असावं. दोन लावली की दोघांच्या फांद्या एकमेकांत शिरतात, ऊन दोघांना अर्धं अर्धं मिळतं आणि दोन्ही वाकडी वाढतात.

आमच्याकडे पहिलं झाड गुलमोहराचं होतं, सासऱ्यांनी लावलेलं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. झपाट्याने वाढतो, छत्रीसारखा पसरतो आणि मे महिन्यात पेटतो. पण लाकूड ठिसूळ, मुळं वरवर पसरणारी. त्याच्या बुंध्याला चिकटून आम्ही शहाबादी फरशी घातली होती. २००४ साली ड्रेनेजची लाइन बदलताना एका बाजूची मनगटाएवढी मुळं कापली गेली. आम्ही समोर उभे होतो, पण त्यात काही बिघडतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आमच्या अंगणातही गुडघाभर पाणी होतं. संध्याकाळी झाड हळूहळू कललं, मुळं कापलेल्या बाजूच्या बरोबर उलट दिशेला, आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडवर टेकलं. कुणाला लागलं नाही. पण लग्न होऊन आले तेव्हापासून ज्या सावलीत मी शिलाई मशीन मांडत होते, ती सावली एका संध्याकाळीत गेली.

दुसरा बहावा, २००६ साली हौसेने आणलेला. आठ फूट उंच, आणि पिशवी मात्र एवढीशी. दोन पावसाळे कसाबसा तगला आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये पिवळा पडला. उपटायला गेले तर एका हाताने वर आला. मुळं पिशवीच्या आकारातच गोल गोल फिरलेली होती, रिळावर दोरा गुंडाळावा तशी. एकही मूळ बाहेरच्या मातीत गेलं नव्हतं. त्यात आमची जमीन खाडीच्या बाजूची, सखल. पावसात पाणी दोन-दोन दिवस हलत नाही, आणि बहाव्याला पायाशी साठलेलं पाणी मुळीच सोसत नाही.

२००८ च्या जूनमध्ये ताम्हण लावलं. ते आज उभं आहे.

आधी माप

एक कागद घ्या. अंगणाचा आकार काढा, त्यावर घराची भिंत, कंपाउंड, फाटक, पाण्याची टाकी, ड्रेनेजचं चेंबर, सेप्टिक टँक असेल तर तो, सगळं दाखवा. आमचं अंगण २६ फूट बाय १८ फूट. ताम्हण घराच्या भिंतीपासून ११ फुटांवर आणि कंपाउंडपासून ७ फुटांवर आहे. चाफा, कांचन, पारिजातक अशा लहान झाडांना भिंतीपासून ८ फूट पुरतात, ताम्हण-बहाव्याला १० फुटांच्या आत जागा देऊ नका. पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या पाइपापासून जितकं लांब जाता येईल तितकं जा. चिरलेल्या पाइपात मूळ शिरलं की ते पाइपातच वाढत राहतं.

मग वर बघा. विजेची तार, केबल, वरच्या मजल्याची गॅलरी, शेजारच्यांचं छप्पर. लहान मुलाचा फ्रॉक शिवताना आम्ही शिवणीत माया सोडतो, पुढच्या वर्षी उसवून वाढवता यावा म्हणून. झाडाला चारही बाजूंनी तशी माया लागते. रोप तीन फुटांचं आहे म्हणून तीन फुटांची जागा धरायची नाही, वीस वर्षांनी त्याचा घेर किती होईल तो आज कागदावर काढायचा. ताम्हणाचा घेर सहज २० फूट होतो. आमच्याकडे तो थोडा गल्लीवर गेला आहे. तिकडे तार नाही हे आधी बघितलं होतं, म्हणून निभावलं.

ऊन मोजायचं ते एका दिवसात मोजून होत नाही. मुंबईत मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या काठीची सावलीही दिसत नाही. डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडे झुकलेला असतो. तुमच्या दक्षिणेला सात मजली इमारत असेल तर मे महिन्यात अंगण उन्हाने भरलेलं दिसेल आणि थंडीत तिथे दिवसभर सावली असेल. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन, अशा तीन वेळा ऊन कुठे पडतं ते खडूने जमिनीवर आखून ठेवा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा थंडीत. फुलझाडाला रोज पाच-सहा तास सरळ ऊन हवं. त्याहून कमी मिळालं तर झाड जगतं, पण पानांवरच राहतं.

पश्चिमेचं ऊन घरात येत असेल तर झाड पश्चिमेला लावा. पानगळीचं असेल तर आणखी चांगलं. आमचं ताम्हण थंडी सरता सरता तांबूस होऊन पानं टाकतं, त्या दिवसांत ऊन पार ओट्यापर्यंत येतं. आणि एप्रिलमध्ये खोलीचे पत्रे तापायला लागतात तेव्हा झाड पुन्हा भरलेलं असतं.

आता पाणी. मुंबईत वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. म्हणून आपल्याकडे झाडाची खरी परीक्षा दोनदा होते: चार महिने पाय पाण्यात आणि पुढचे आठ महिने कोरडे. जुलैच्या मोठ्या सरीनंतर छत्री घेऊन अंगणात जा. पाणी कुठे साठतं, किती तासांनी उतरतं, पागोळ्या नेमक्या कुठे पडतात ते कागदावर लिहा. पागोळीखाली रोप कधीच लावू नका, माती वाहून मुळं उघडी पडतात.

कुठलं झाड

इथे लोक फुलाचा फोटो बघून ठरवतात. फूल महिनाभराचं असतं. उरलेले अकरा महिने तुम्ही बघणार ते खोड, फांद्यांचा बांधा, पान आणि गळणारा कचरा. म्हणून झाड दोनदा बघा, एकदा फुलात आणि एकदा ओकंबोकं असताना. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ पासून आहे. शहरात पूर्ण वाढलेली झाडं एकाच ठिकाणी बघायला त्याच्यासारखी जागा नाही. मी यांच्याबरोबर जानेवारीत एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा अशी मुद्दाम गेले होते. तिथे उर्वशीही आहे. तिचे लाल-पिवळे झुंबरासारखे घोस बघून माणूस खुळावतो, पण ती मूळची म्यानमारची. तिला दमटपणा आणि सावली सांभाळून द्यावी लागते, रोपंही सहज होत नाहीत. पहिलं झाड म्हणून ती घेऊ नका.

ताम्हणाबद्दल मी जास्त बोलणार, कारण ते मी रोज बघते. ते महाराष्ट्राचं राज्यपुष्प. कोकणात ओढ्याच्या, नदीच्या काठाने वाढतं, त्यामुळे पाय ओले राहिले तरी तक्रार करत नाही. आमच्यासारख्या सखल, पाणी धरणाऱ्या अंगणाला म्हणूनच ते मानवलं. एप्रिल ते जून फुलतं. पाकळीला कडेने चुण्या असतात, जॉर्जेटला दोरा ओढून घ्याव्यात तशा, आणि फूल जुनं होत जातं तसा जांभळा रंग फिकट होत गुलाबीसर पांढरा होतो, म्हणून एकाच तुऱ्यात खालपासून वरपर्यंत तीन-चार छटा दिसतात. वास नाही. वासाची आवड असेल तर हे सोडून द्या. आणि अंगण १५ फुटांपेक्षा अरुंद असेल तरी सोडून द्या.

बहावा मला अजूनही आवडतो, आणि ज्याची जमीन उताराची, मुरमाड, पाणी न धरणारी आहे त्याला मी बहावाच सांगते. भांडुप, मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी घरं आहेत तिथे तो छान येतो. शेंगा हात-दीड हात लांब असतात आणि वर्षभर लोंबतात, काहींना ते आवडत नाही. पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या दिसतील. त्या बहुतेक पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात. फवारू नका, पानं पुन्हा येतात आणि अंगणात फुलपाखरं होतात.

जागा लहान असेल तर पांढरा चाफा. देवळापाशी असतो तो. बारा-पंधरा फुटांत राहतो, फांद्यांचा बांधा इतका देखणा की पानं गळाल्यावरही बघत राहावं. फांदीपासून लावता येतो. फेब्रुवारी ते मेमध्ये एक-दीड फुटाची जून फांदी कापा, चीक पुसा (कातडीला आणि डोळ्यांना लागू देऊ नका), पानं काढा आणि आठ-दहा दिवस सावलीत आडवी ठेवून कापलेलं टोक सुकू द्या. ओल्या टोकाने लावली की कुजते. मग रेताड मातीत चार-पाच बोटं खोल रोवा आणि नवं पान दिसेपर्यंत पाणी अगदी बेताने द्या. पावसाळ्यात पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटीसारखा तांबेरा येतो. ती पानं गोळा करून अंगणाबाहेर टाका, खतात घालू नका.

सोनचाफा घेणाऱ्याने एकच विचारावं: कलमी की बियांचा? कलमी झाड वर्ष-दोन वर्षांत फूल देतं, बियांचं आठ-दहा वर्षंही लावू शकतं. दादरच्या फुलबाजारात वसईकडून सोनचाफा येतो तो कलमी बागांचाच. पण हे झाड मोकळं सोडलं तर तिमजली होतं. दरवर्षी शेंडा खुडून बुटकं ठेवायची तयारी हवी, आणि पाणी साठणारी जमीन याला चालत नाही.

सावलीचं अंगण असेल तर सीता अशोक. अर्ध्या उन्हातही राहतो, बारमाही हिरवा असतो, कोवळी पानं तांबूस आणि लोंबती, आणि थंडी सरताना नारिंगी-लाल झुबके थेट जून फांद्यांवर फुटतात. वाढ मात्र सावकाश. नर्सरीत ‘अशोक’ मागितला की पुष्कळदा उंच सरळ वाढणारा आसुपालव हातात देतात. ते वेगळं झाड आहे. सीता अशोकाचं पान जोडीजोडीने एका देठावर येतं, आसुपालवाचं एकेकटं आणि कडेला नागमोडी असतं.

पारिजातक आणि कांचन दोन्ही लहान अंगणाला योग्य. पारिजातकाची फुलं पहाटे गळतात, म्हणून खाली फरशीऐवजी स्वच्छ माती किंवा हिरवळ ठेवा. त्याची फुलं संपली की छाटणी करा, नाहीतर काटक्यांचं जाळं होतं. कांचन घेताना तो कधी फुलणारा ते विचारा, कारण एक जात पावसाळ्यानंतर फुलते आणि दुसरी फेब्रुवारीच्या सुमारास पानं गाळून फुलते. विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गाकडेला फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांनी भरलेली झाडं दिसतात ती टॅबेबुया, मूळची अमेरिकेतली. रस्त्यावर फार सुंदर दिसतात. अंगणात मी आपल्या मातीतलं झाड लावीन.

घराजवळ काय नको तेही सांगते. गुलमोहर आणि सोनमोहर, फांद्या मोडतात म्हणून. रेन ट्री, कारण त्याचा पसारा मैदानाचा आहे, आणि मुंबईत कितीतरी रेन ट्री पिठ्या ढेकणाने, म्हणजे रस शोषणाऱ्या पांढऱ्या कापसासारख्या किडीने, वाळून गेलेली आपण बघितली आहेत. कैलासपती, कारण त्याची तोफगोळ्याएवढी फळं डोक्यावर पडायची भीती. सातवीणही नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिचा वास रात्रभर घरात भरतो आणि पुष्कळांचं डोकं चढतं.

रोप आणताना

उंच रोपाला भुलू नका, मी भुलले होते. तीन-चार फुटांचं, अंगठ्याएवढ्या जाड खोडाचं रोप आठ फुटी काडीपेक्षा लवकर रुजतं आणि तीन वर्षांत तिला मागे टाकतं. पिशवीच्या तळाकडे बघा. खालून जाड मूळ बाहेर येऊन गोल वळलेलं असेल तर ते ठेवून द्या. खोड बोटाने हलवा. मातीसकट हललं तर चांगलं, मातीत सैल डुगडुगलं तर नको. पानं उलटी करून पांढरा कापूस, चिकटपणा, मुंग्यांची रांग आहे का ते बघा. आणि रोप काठीला बांधलेलं असेल तर माळ्याला सोडून दाखवायला सांगा, काठीशिवाय ते उभं राहतं की लवतं ते कळायला हवं. माझं ताम्हण साठ रुपयांचं होतं, माझ्या कमरेइतकं, आणि सगळ्या रोपांत सगळ्यात साधं दिसणारं.

खड्डा मे महिन्यात, रोप जूनमध्ये

खड्डा मेच्या सुरुवातीला खणायचा, तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. चाफा-पारिजातकाला दोन-दोन फूट पुरे. मुंबईच्या अंगणात खणताना निम्मं रॅबिट निघतं: विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, फुटक्या लाद्या. आमच्याकडे सात गोणी निघाले. ते सगळं बाहेर काढा, कारण सिमेंटच्या चुन्याने माती बिघडते आणि पुढे पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते दिसलं की लोक खत घालत सुटतात. दोष खताच्या कमतरतेचा नसतो, चुनखडी मातीत लोह मुळांना घेताच येत नाही.

खड्डा रिकामा असताना एक परीक्षा करा. पाण्याने भरा, उतरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. चोवीस तासांनी पाणी तसंच असेल तर बहावा, सोनचाफा, पारिजातक विसरा. ताम्हण चालेल. किंवा त्या जागी माती फूटभर उंच करून तिच्यावर झाड लावा. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकून उपयोग होत नाही. खालची माती पाणी धरणारी असेल तर खडीत पाणी साठतं आणि मुळं त्यातच बसतात.

पंधरा-वीस दिवस उन्हाने खड्डा तापू द्या. भरताना खणलेली चांगली माती दोन भाग, जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, वर अर्धा किलो निंबोळी पेंड. माती चिकट असेल तर दोन घमेली रेती. ओलं शेण घालू नका, त्याच्या उष्णतेने मुळं भाजतात आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, होते. नुसत्या खतानेही खड्डा भरू नका. मुळांना तिथेच सगळं मिळालं तर ती बाहेर जात नाहीत, आणि खत कुजून बसलं की झाड खाली खचतं.

मृगाच्या पहिल्या सरीला घाई करू नका. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वीतभर खोल भिजली की लावा, साधारण आर्द्रा नक्षत्राच्या सुमारास, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. संध्याकाळी लावा. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढा, ओढून काढू नका. गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा, जी मोकळी होत नाहीत ती कात्रीने उभी कापा. जीव कळवळतो, पण माझा बहावा न कापलेल्या मुळांनीच गेला. पिशवीत मातीची जी पातळी होती तीच जमिनीत ठेवा. खोडाला माती चढवली की साल कुजते.

टेकू देताना रोपाच्या दोन बाजूंना फूटभर अंतरावर दोन बांबू रोवा. खोडाला सुतळी किंवा तार बांधू नका, ती सालीत रुतते. मी जुन्या सुती साडीची तीन बोटं रुंद पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी बांधते, एक वेढा खोडाभोवती, एक बांबूभोवती, मध्ये पीळ. रोप वाऱ्याने थोडं हललं पाहिजे, त्यानेच खोड जाड होतं. वर्षभरानंतर टेकू काढा. बांबूला वाळवी लागली तर आधीच बदला.

पहिली तीन वर्षं

पावसाळ्यात काम फक्त तण काढायचं आणि पाणी तुंबलं तर चर काढून द्यायचा. खरी देखभाल नोव्हेंबरपासून. खोडापासून दीड फुटावर गोल आळं करा आणि दरवर्षी ते फूटभर बाहेर सरकवा. पाणी खोडाशी ओतू नका. मुळांची टोकं बाहेर असतात, पाणी तिथे हवं. पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा दोन बादल्या, एप्रिल-मेमध्ये तीनदा. दुसऱ्या वर्षी आठवड्यातून एकदा, पण चार बादल्या. रोज तांब्याभर पाणी घातलं तर मुळं वरच राहतात आणि पहिल्या वादळात झाड हलतं. आळ्यात चार बोटं जाड पालापाचोळा पसरा, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवून. खाडीजवळ राहत असाल तर बोअरचं पाणी घालण्याआधी चाखून बघा. मचूळ असेल, मातीवर पांढरी पापडी धरत असेल, तर ते झाडाला नको. मी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी साठवून घालायची.

फेब्रुवारीत कोवळ्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण येतो. आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. राहिलाच तर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, संध्याकाळी, दर आठवड्याला असं तीनदा. मुंग्या खोडावरून चढत असतील तर त्यांचा बंदोबस्त करा, त्याच ढेकूण एका फांदीवरून दुसरीवर नेतात.

आकार पहिल्या तीन वर्षांतच द्यावा लागतो. एकच सरळ खोड राखा. शेंड्याशी दोन दांडे सारख्या जाडीचे चालले असतील तर कमजोर दांडा काढा, नाहीतर पुढे त्या बेचक्यातून झाड चिरतं. खालच्या फांद्या एकदम सगळ्या उतरवू नका. दरवर्षी दोन-तीन, म्हणजे खोडाला अंग धरायला वेळ मिळतो. फांदी कापताना खोडाशी जिथे ती जराशी फुगलेली असते ती कॉलर सोडून कापा, खोडाला घासून नको आणि खुंटही ठेवू नका. झाडाचा शेंडा सपाट छाटून झाडू करायची जी पद्धत आहे ती मला बघवत नाही. त्यातून येणारे फुटवे कमजोर असतात आणि पावसात तेच मोडतात.

झाड मोठं झालं की ते तुमच्या अंगणात असलं तरी हवं तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्याखाली मुंबईत महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण परवानगी देतं. मोठी फांदी उतरवायची असली तरी वॉर्डाच्या उद्यान खात्यात अर्ज करा, आणि तो पावसाच्या तोंडावर नको, मार्चमध्येच करा.

बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधायची हौस आवरा. पाराच्या आत माती भरली की खोड गाडलं जातं, आणि फरशीखाली मुळांना ना हवा ना पाणी. आमच्या गुलमोहराला आम्ही तसंच गुदमरवलं होतं. ताम्हणाभोवती आता पाच फुटांचा मोकळा मातीचा गोल आहे, त्यात लिली आणि थोडं गवत. बसायला कट्टा हवा म्हणून मुलाने लाकडी बाक आणून ठेवला, हलवता येणारा.

पहिली फुलं पाचव्या उन्हाळ्यात आली, एकच तुरा, गल्लीच्या बाजूला. पुढच्या वर्षी अकरा मोजले. त्यानंतर मी मोजणं सोडून दिलं. फळं लाकडी, सुपारीएवढी असतात. थंडी सरताना ती आपोआप उकलतात आणि पंख असलेलं बारीक बी उडतं. उकलायच्या जरा आधी काढून कागदाच्या पाकिटात ठेवली तर बी हाती येतं. मी ती बटणांच्या डब्यात ठेवते. दरवर्षी एप्रिलमध्ये आठ-दहा रोपं करते आणि मागणाऱ्याला देते.

समोरच्या वहिनींनी यंदा रोप मागितलं. मी टेप घेऊन त्यांच्याकडे गेले. नऊ फूट बाय बारा, आणि मधोमध ड्रेनेजचं चेंबर. ताम्हण दिलं नाही. आमच्या मागच्या दाराशी पांढरा चाफा आहे, त्याची दीड फुटाची फांदी कापून दिली. सध्या ती त्यांच्या जिन्याखाली सावलीत आडवी आहे, टोक सुकतंय. चेंबरपासून लांबचा, सकाळच्या उन्हाचा कोपरा आम्ही खडूने आखून ठेवलाय. येत्या रविवारी लावायची.